चार तांदूळ आणि ओठांवरच्या मुंग्या

प्रश्न : माझ्या आईचं (वय ५२) पुढच्या महिन्यात थायरॉइडचं ऑपरेशन ठरलं आहे. दोन्ही बाजूंना गाठी आहेत, म्हणून पूर्ण ग्रंथी काढायची असं सर्जन म्हणतात. तिचं रक्तातलं कॅल्शियम ९.४, म्हणजे ठणठणीत. तरीही त्यांनी आतापासूनच कॅल्शियमच्या गोळ्या सुरू केल्यात आणि ‘नंतर ओठांभोवती मुंग्या आल्या तर लगेच सांगा’ असं दोनदा बजावलंय. गळ्यातली गाठ काढल्यावर हाडांतलं कॅल्शियम का कमी व्हावं? आणि ते टाळता येतं का? शेजारच्या काकू म्हणतात, रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यातून द्या, गोळ्या कशाला?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आधी तुमच्या प्रश्नातला ‘हाडांतलं’ हा शब्द खोडू. हाडांतलं कॅल्शियम जागच्या जागी असतं. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण किलोभर कॅल्शियम असतं आणि त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. रक्तात फिरतं ते चिमूटभर : १०० मिलिलिटरमध्ये साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम. त्यातलंही जेमतेम निम्मं मोकळं असतं, उरलेलं बहुतेक प्रथिनांना चिकटलेलं. या मोकळ्या निम्म्यावर आपल्या नसा आणि स्नायू चालतात, हृदयसुद्धा. ऑपरेशननंतर घसरतं ते हे. बँकेत पैसा भरपूर आहे, पण कॅशियर जेवायला उठलाय आणि खिडकी बंद आहे, असा तो प्रकार.

हा कॅशियर म्हणजे पॅराथायरॉइड. मराठीत परावटू ग्रंथी म्हणतात, पण ओपीडीत हा शब्द वापरला तर पेशंट आणि सिस्टर दोघंही माझ्याकडे बघत राहतात, म्हणून पॅराथायरॉइडच म्हणू. या ग्रंथी बहुतेकांना चार असतात, थायरॉइडच्या मागच्या अंगाला, दोन वर दोन खाली. एकेकीचं वजन ३० ते ५० मिलिग्रॅम, आकार तांदळाच्या फुगलेल्या दाण्याएवढा. थायरॉइडशी त्यांचं नातं निव्वळ शेजाराचं; कामाचा काडीचा संबंध नाही. रक्तातलं कॅल्शियम जरा खाली आलं, की त्या पॅराथॉर्मोन सोडतात. हे संप्रेरक हाडांतून थोडं कॅल्शियम सोडवून आणतं, लघवीवाटे जाणारं कॅल्शियम मूत्रपिंडाला अडवायला लावतं आणि तिथेच ‘ड’ जीवनसत्त्वाला कामाचं रूप देऊन आतड्याला जास्त कॅल्शियम शोषायला भाग पाडतं. गंमत म्हणजे हे संप्रेरक रक्तात काही मिनिटंच टिकतं. म्हणून ग्रंथी सारखी कामावर हवी. साठवणीवर चालत नाही.

शेजार इतका जवळचा, की घर पाडताना शेजाऱ्याच्या भिंतीला धक्का लागतोच. बरं, पॅराथायरॉइडला रक्त पुरवते ती बारीक धमनी बहुतेक वेळा थायरॉइडच्याच खालच्या रक्तवाहिनीची फांदी असते. ग्रंथीला कुणी हातही लावला नाही, पण फांदी दाबली गेली, ताणली गेली किंवा शेकली गेली, तरी ती रुसते. बहुतेक वेळा रुसवाच असतो. काही दिवसांत, काही आठवड्यांत ती परत कामाला लागते. थायरॉइड पूर्ण काढल्यावर साधारण चार-पाच जणांत एकाचं कॅल्शियम काही काळ घसरतं. सहा महिने ते वर्षभर होऊनही ग्रंथी जागी झाली नाही तर त्याला कायमचा अभाव म्हणतात. तो अनुभवी हातांत शंभरातल्या एखाद-दुसऱ्याच्या वाट्याला येतो. कॅन्सरमुळे गळ्याच्या मधल्या भागातल्या लसिकागाठीही काढाव्या लागल्या, तर धोका वाढतो.

हे लक्षात यायला डॉक्टरांना किती वर्षं लागली, तो किस्सा सांगायचा मोह आवरत नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८३४ साली एक भारतीय गेंडा आणला होता. तो १८४९ साली मेला आणि रिचर्ड ओवेन या शरीरशास्त्रज्ञाने त्याचं विच्छेदन केलं. एवढ्या अगडबंब जनावराच्या गळ्यात त्याला थायरॉइडला चिकटलेली एक छोटी पिवळसर ग्रंथी दिसली. त्याने ती नोंदवली आणि पुढे गेला. १८८० मध्ये स्वीडनच्या उप्साला इथल्या इव्हार सँडस्ट्रॉम या तरुणाने कुत्रा, मांजर, माणूस अशा अनेकांत ती शोधून तिला नाव दिलं. त्याचंही फारसं कुणी ऐकलं नाही. तोवर शल्यविशारद थायरॉइड काढत होतेच. व्हिएन्नात बिलरोथच्या पेशंटना ऑपरेशननंतर हातपाय वाकडे होऊन आचके येत. १८७९ मध्ये त्याच्या सहकाऱ्याने, व्योल्फ्लरने, ते लिहूनही ठेवलं. तिकडे बर्नमध्ये कोखरच्या पेशंटना आचके क्वचितच येत, पण ते महिन्या-दोन महिन्यांनी सुजत आणि मंद होत. दोघांचंही काम पाहिलेल्या हॉलस्टेड या अमेरिकन सर्जनने पुढे याची उकल केली : कोखर सावकाश, रक्त न सांडता, थायरॉइड पूर्ण काढत असे आणि शेजारचं काही दुखावत नसे, तर बिलरोथ झपाट्याने काम करी आणि थायरॉइडचे तुकडे मागे राहत, पॅराथायरॉइड मात्र हमखास दुखावत. कोखरला १९०९ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी अमेरिकेत मॅक्कॅलम आणि व्होग्टलिन यांनी दाखवलं, की कॅल्शियम टोचलं की आचके थांबतात. म्हणजे तुमच्या आईंच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळीमागे शंभरच्यावर वर्षांचा अनुभव आहे.

आता टाळता येतं का, हा मुख्य प्रश्न. बरंचसं टाळता येतं, आणि त्यातला अर्धा भाग सर्जनच्या हातात असतो. मी शिकाऊ होतो तेव्हा माझं काम फक्त रिट्रॅक्टर धरणं. आमचे सर ऑपरेशनच्या त्या टप्प्यावर हळू बोलायला लागायचे, म्हणायचे, ‘तांदूळ दिसला का?’ काकवीत बुडवून काढलेल्या तांदळासारखा तपकिरी-पिवळा दाणा चरबीत लपलेला असतो. चरबी आहे की ग्रंथी, याबद्दल शंका आली तर काढलेला बारीक तुकडा सलाइनच्या वाटीत टाकायचे : चरबी तरंगते, ग्रंथी बुडते. ग्रंथी ओळखली की थायरॉइडच्या अगदी अंगाला चिकटून रक्तवाहिन्या बांधायच्या, लांबून बांधायच्या नाहीत, म्हणजे फांदी शाबूत राहते. तरीही एखादी काळवंडलीच, तर तिचे मिलिमीटरभर तुकडे करून मानेच्या स्नायूत पेरतात. ते रुजायला काही आठवडे लागतात, पण बहुतेक वेळा रुजतात. आता काही मोठ्या केंद्रांत खास प्रकाश देणारा कॅमेराही आलाय. त्याखाली पॅराथायरॉइड स्वतःच चमकतात. कॅमेरा नसला म्हणून घाबरू नका. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात वर्षाला पंचविसाहून जास्त थायरॉइड काढणाऱ्या सर्जनकडे गुंतागुंती कमी आढळल्या होत्या. म्हणून ‘सर, अशी ऑपरेशनं वर्षाला साधारण किती होतात तुमच्याकडे?’ हे विचारायला संकोचू नका. चांगला सर्जन रागावत नाही.

दुसरा अर्धा भाग तुमच्या घरात आहे, आणि तो ऑपरेशनच्या आधीच सुरू होतो. ‘ड’ जीवनसत्त्व तपासून घ्या. आपल्याकडे ऊन एवढं असून ते कमी निघणारे लोक ढिगाने सापडतात, आणि ते कमी असेल तर ऑपरेशननंतर कॅल्शियम जास्त घसरतं. महिनाभर हातात आहे, म्हणजे भरून काढायला पुरेसा वेळ आहे. मॅग्नेशियमही एकदा बघा. ते फार कमी असेल तर पॅराथायरॉइड धड कामच करत नाहीत, वर कितीही कॅल्शियम ओता. आणि आईंना अॅसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर ती सर्जनला मुद्दाम सांगा, कारण पुढच्या हिशोबात ती येणार आहे.

ऑपरेशननंतर काय होतं, ते वेळेच्या हिशोबाने समजून घ्या, कारण बहुतेक गडबड तिथेच होते. पॅराथॉर्मोन काही मिनिटांत घसरलं, तरी कॅल्शियम लगेच पडत नाही. ते हळूहळू उतरतं आणि बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात तळाला जातं. आणि डिस्चार्ज कधी मिळतो? बहुतेक ठिकाणी पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी! म्हणजे टाका कोरडा, आवाज बरा, डाळभात खाल्ला, ‘काही त्रास नाही’ म्हणून घरी सोडतात आणि खरी घसरण घरच्या पलंगावर होते. म्हणूनच काही हॉस्पिटलं ऑपरेशननंतर काही तासांतच पॅराथॉर्मोनची तपासणी करतात. ते १० ते १५ पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कॅल्शियम घसरणार हे आधीच कळतं आणि गोळ्यांचा डोस वाढवता येतो. अशी तपासणी नसेल तर बरेच सर्जन सगळ्यांनाच गोळ्या देतात. तुमच्या आईंना आधीच दिल्या आहेत, त्या याच विचाराने. मला ही पद्धत आवडते. एकाच्या मुंग्यांपेक्षा दहांच्या गोळ्या परवडतात.

पहिली खूण ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना येणाऱ्या मुंग्या. पुढे पोटऱ्यांत गोळे, मग हात वाकणं. आमच्या वॉर्डात एक बाई होत्या. ऑपरेशनला तीन दिवस झालेले, त्या आधी घरीच होत्या आणि बधिरपणा ‘अशक्तपणामुळे असेल’ म्हणून गप्प बसलेल्या. सिस्टरने बीपी घ्यायला दंडाला पट्टा बांधला, हवा भरली आणि त्यांच्या हाताकडे बघून ओरडली. अंगठा आत वळला होता, बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटली होती. कासार बांगडी भरताना हात चिमटून धरतो ना, अगदी तसा. पट्टा काढल्यावर हळूहळू तो सुटला. ट्रूसो नावाच्या फ्रेंच डॉक्टरच्या नावाने ही खूण ओळखली जाते आणि ती मुद्दाम बघायला पट्टा तीन मिनिटं फुगवून ठेवतात. त्या बाईंना आम्ही मॉनिटर लावून हळूहळू शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट दिलं. संध्याकाळी त्या चहा मागत होत्या. एवढी वेळ येऊ नये म्हणूनच मुंग्यांना ‘अशक्तपणा’ म्हणायचं नाही.

एक तळटीप इथेच टाकतो : घाबरून जोरजोरात श्वास घेतल्यानेही मुंग्या येतात, कारण रक्त अल्कधर्मी होऊन मोकळं कॅल्शियम प्रथिनांना जास्त चिकटतं. म्हणून आईंना मुंग्या आल्या की आधी सावकाश श्वास घ्यायला सांगा, पण घरच्या घरी निदान करू नका. डॉक्टरांनी सांगितलेली जादा गोळी द्या आणि फोन करा. मुंग्या जात नसतील, हात वाकत असतील, श्वासाला आवाज येत असेल किंवा छाती धडधडत असेल, तर फोनवर वेळ घालवू नका, गाडी काढा.

आता गोळ्या. इथे एक चूक मी वर्षानुवर्षं बघतोय. डिस्चार्ज कार्डावर कॅल्शियमबरोबर कॅल्सिट्रिऑल लिहिलेलं असतं, आणि घरात ‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी पडलेली असते, आठवड्याला एक अशी. घरचे म्हणतात, दोन्ही ‘डी’च ना, मग पुडी चालू आहे, गोळी कशाला? तर नाही. पुडीतल्या ‘ड’ला कामाचं रूप द्यायला मूत्रपिंडाला पॅराथॉर्मोनचा हुकूम लागतो, आणि आत्ता हुकूम देणाराच रजेवर आहे. कॅल्सिट्रिऑल हे आधीच तयार रूप आहे. म्हणून ते मिलिग्रॅममध्ये नाही, पाव मायक्रोग्रॅममध्ये मिळतं. दोघांची अदलाबदल करायची नाही. डॉक्टरांना दोन्ही दाखवा, ते काय ठेवायचं ते ठरवतील.

कॅल्शियमच्या गोळीवर छापलेला आकडाही वाचा. १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमध्ये खरं कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम असतं. कार्बोनेटला शोषून घ्यायला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून ती जेवणाबरोबर घ्यायची. अॅसिडिटीची गोळी आम्ल कमी करते. अशांना सायट्रेटची गोळी बरी पडते, ती रिकाम्या पोटीही चालते. आणि थायरॉइडची गोळी, जी आईंना आता आयुष्यभर घ्यावी लागेल, तिचं आणि कॅल्शियमचं जमत नाही. कॅल्शियम तिला आतड्यात धरून ठेवतं. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. थायरॉइडची गोळी पहाटे उठल्या उठल्या, चहा तासाभराने, आणि कॅल्शियम दुपारच्या आणि रात्रीच्या ताटाबरोबर, असा बेत बहुतेक घरांत बसतो. स्वयंपाकघरात फ्रिजवर कागद चिकटवा आणि घेतल्यावर खूण करा. मी माझ्या पेशंटना रवाळ पांढरी गोळी कॅल्शियमची, छोटी गोळी थायरॉइडची, असं हातावर ठेवून दाखवतो. तरी दर महिन्याला एकजण दोन्ही एकत्र गिळून येतोच.

आता काकूंचा चुना. काकूंवर माझा राग नाही, पानाला चुना लावणाऱ्या आजीनेही आपल्याला हेच सांगितलं होतं. पण हिशोब करू. गव्हाचा दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा. चुन्यात, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडमध्ये, कोरडं धरलं तर वजनाच्या निम्म्याहून थोडं जास्त कॅल्शियम असतं. ओल्या चुन्यात पाणी धरून त्याहून कमी. म्हणजे दाण्याएवढ्या चुन्यातून फार तर वीसेक मिलिग्रॅम, तेही अंदाजाने. गोळीत ५०० आहेत. त्यात तो तोंडाला आणि घशाला भाजतो; दाण्याचा हरभरा झाला तर पंचाईत. नाचणीची भाकरी, तीळ, दूध, दही भरपूर द्या. नाचणीच्या पिठात १०० ग्रॅममागे साडेतीनशेच्या आसपास मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पेलाभर दुधात साधारण अडीचशे. पण हे रोजच्या घराचं खाणं आहे, दुसऱ्या दिवशी रात्री घसरणारं कॅल्शियम सावरायला ते वेळेत पोचत नाही.

आणि गोळ्या सुरू राहणं जेवढं महत्त्वाचं, तेवढंच थांबवणंही. ‘हाडांना बरं असतं’ म्हणून वर्षभर कॅल्सिट्रिऑल चघळणारे लोक मी बघितले आहेत. रक्तातलं कॅल्शियम वर गेलं की तहान, बद्धकोष्ठ, मळमळ आणि पुढे मुतखडा. साधारण पहिल्या आठवड्यात रक्त तपासून डोस हळूहळू उतरवतात. ज्यांच्या ग्रंथी कायमच्या गेल्या, त्यांचं कॅल्शियम डॉक्टर मुद्दाम नेहमीच्या मर्यादेच्या खालच्या टोकाला ठेवतात, कारण पॅराथॉर्मोन नसताना मूत्रपिंड कॅल्शियम अडवत नाही. रक्तात जास्त ठेवलं की लघवीत सांडतं. त्यांच्या रिपोर्टवर ८.४ आलं आणि डॉक्टर खूश दिसले, तर घरच्यांनी गोंधळून जाऊ नये.

आणखी एक छोटा प्रश्न, याच विषयावरचा :

प्रश्न : मामेबहिणीच्या ऑपरेशननंतर डॉक्टर रोज सकाळी राउंडला येऊन तिच्या कानासमोर गालावर बोटाने टिचकी मारायचे. ती म्हणते, दिवाळीत फटाक्याची वात तपासतात तसं वाटायचं. हे कशासाठी?
— एक वाचक, वसई

उत्तर : कानासमोरून चेहऱ्याची नस जाते. कॅल्शियम कमी असेल तर नसा चिडक्या होतात. टिचकी मारली की ओठाचा कोपरा आपोआप फडकतो. व्हिएन्नातल्या श्वोस्टेकने १८७६ साली ही खूण नोंदवली. ती स्वस्त आहे, पण फसवीही आहे : निरोगी माणसांतही काहींचा ओठ असा फडकतो. म्हणून शहाणा डॉक्टर ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच एकदा टिचकी मारून बघतो आणि कागदावर लिहून ठेवतो. तुमच्या बहिणीच्या कागदावर ती आदल्या दिवशीची नोंद होती का, तेवढं मला कळवा.